चिंचोक्यांचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या गल्लीत चिंचा फोडायला बसतात. दुपारी जेवणं उरकली की शेजारच्या तिघी-चौघी ओट्यावर पोतं पसरतात, एकेक दगड पुढ्यात घेतात आणि बत्त्यानं टक् टक् सुरू होतं. पलीकडच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट येत असतो, त्यात हा हलका ठेका मिसळतो. चिंच एका बाजूला पडते, टरफलं एका बाजूला आणि चिंचोके घरंगळत पायरीखाली जातात. हवेला आंबट वास सुटतो. लोकांच्या तोंडाला पाणी सुटत असेल. माझ्या तोंडाला कोरड पडते.

गेली बावीस वर्षं मी या दिवसांत दुपारची खिडकी लावून घेतो. घरचे समजतात, उन्हाच्या झळा येतात म्हणून.

यंदा खिडकी लावूनही उपयोग झाला नाही. मार्च सरता सरता मला ऊन लागलं. बँकेत जायची वेळ चुकली, परत येताना डोकं गरगरलं, आणि मुलानं मला एका खाजगी दवाखान्यात नेऊन टाकलं. सलाईन उतरल्यावर एक विशीतली सिस्टर आली. काजल तिचं नाव. तिनं माझ्या उशाशी पाण्याचा जग ठेवला आणि शेजारी दोन स्टीलच्या वाट्या. एक रिकामी, एकीत दहा चिंचोके.

"आजोबा, याच्याशी खेळायचं नाही हं. एक ग्लास पाणी संपलं की एक चिंचोका या वाटीतनं त्या वाटीत. मी लांबून बघते, मला बरोबर कळतं."

मी ती वाटी लांब सरकवली. तिला वाटलं, मला पाणीच नको आहे.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कॉलेजात. लता मॅडम शिकवतात, पहिल्याच आठवड्यात. परीक्षेत पण विचारतात."

"काय विचारतात?"

"पद्धत कुणाची ते. रेणुका सिस्टरची, असं लिहायचं. नाव नाही लिहिलं की मॅडम मार्क कापतात. लई कडक हायत." मग उशी सरळ करता करता ती म्हणाली, "आम्हाला वाटतं, या रेणुका सिस्टर फार जुन्या काळातल्या असतील. आता नसतील, नाही का?"

रेणुका सिस्टर त्या दवाखान्यापासून दोन थांब्यांवर राहतात. मी ते बोललो नाही. न बोलण्याची मला जुनी सवय आहे, आणि या लेखात सांगायचं आहे ते त्या सवयीबद्दलच.

मी एका मोठ्या इस्पितळात कार्यालय अधीक्षक होतो. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे मला भाऊसाहेब म्हणत. इस्पितळ म्हटलं की लोकांना स्पिरिटचा वास आठवतो. मला आठवतो तो फायलींच्या नाड्यांचा, खळीचा आणि कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा. मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांच्या खोलीत कूलर होता, माझ्या खोलीत त्याची झुळूक यायची. तेवढ्या झुळकीवर मी स्वतःला फार मोठा समजत असे.

बालरुग्ण विभागात कूलर नव्हता. सोलापूरचा उन्हाळा तिथे थेट खाटांवर उतरायचा. जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेली पोरं, डोळे आत गेलेली, टाळू खाली बसलेली. एकेका खाटेवर दोन दोन. आया चार भाषांतल्या. कुणी मागावरच्या घरातली तेलुगू बोलणारी, कुणी अक्कलकोटकडची कानडी, कुणी दखनी, कुणी मंगळवेढ्याच्या रानातनं आलेली. डॉक्टर सांगून जायचे, मीठ-साखरेचं पाणी वाटीवाटीनं पाजत राहा. तासाभरानं विचारलं की सगळ्या म्हणायच्या, पाजलं की. किती? तर लई पाजलं.

रेणुका सिस्टर मैंदर्गीच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि वॉर्डात राहून बाकीच्या दोन्ही. एका सुट्टीवरून येताना त्यांनी माहेरच्या झाडाचे पिशवीभर चिंचोके आणले, धुऊन उकळून वाळवले आणि प्रत्येक खाटेजवळ दोन वाट्या ठेवल्या. एक वाटी पाणी पोराच्या पोटात गेलं की एक चिंचोका इकडून तिकडे. लिहिता-वाचता न येणारी बाईही चुकायची नाही. रात्रपाळीची सिस्टर सकाळी निघताना नुसती वाट्यांवरून नजर फिरवायची आणि कुठलं पोर मागं पडलंय ते तिला कळायचं. खिडक्यांना ओले टॉवेल लावलेले, आणि त्या अंधारलेल्या, दमट वॉर्डात रेणुका सिस्टरांचा आवाज फिरत असायचा. "नीर कुडसव्वा." "पानी पिलाव अम्मा." "अगं ए बाई, चिंचोका सरकवलास, पर पाणी कुटं पाजलंस? मला काय येडी समजतीस व्हय?" त्यावर सगळा वॉर्ड हसायचा, ती बाईसुद्धा.

त्यांच्या बरोबरीनं काम करायच्या त्या लता सिस्टर. मोडनिंबच्या, सहा-सात वर्षांनी लहान, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. दोघींचा डबा एक. रेणुका सिस्टरांची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, लता सिस्टरांचं कालवण. मी कधी रजेचे कागद घेऊन ड्युटीरूममध्ये गेलो की मलाही भाकरीचा तुकडा मिळायचा. "खावा भाऊसाहेब. रजा मंजूर करताना हात हलका ऱ्हातो," असं म्हणून रेणुका सिस्टर मोठ्यानं हसायच्या. मी ती भाकरी खाल्लेली आहे. तीही नोंद इथे असू द्या.

बावीस वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडावर मार्चात पुढच्या शिक्षणाचं पत्र आलं. नोकरीतल्या सिस्टरांना दोन वर्षं पदवीसाठी पाठवायचं, नोकरी कायम ठेवून. परत आल्या की शिकवायचं पद मिळणार. आमच्या इस्पितळाला जागा एक. अर्ज सेवाज्येष्ठतेनं, मुख्य डॉक्टरांच्या शिफारशीसह, एकतीस मार्चच्या आत वर पोचायला हवा. यादीत पहिलं नाव रेणुका सिस्टरांचं, दुसरं लता सिस्टरांचं. वयाची अट होती, आणि रेणुका सिस्टरांचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी त्या अटीबाहेर जाणार होत्या. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, अर्जावर जन्मतारीख होती.

अर्ज द्यायला त्या स्वतः आल्या. खळ केलेली पांढरी साडी, हातात कागद दोन्ही बाजूंनी धरलेला, घडी पडू नये म्हणून. "भाऊसाहेब, लई वर्षांनी अभ्यासाला बसायचंय. पोरं हसत्यात घरी. पर मला शिकवायचं हाय. माझ्या हाताखालनं पोरी तयार झाल्या तर हे चिंचोके बिंचोके माझ्यापुरतं ऱ्हानार न्हाईत."

मी म्हणालो, "तुमचं नाव पहिलं आहे. काळजी कशाला करता?"

मार्चचे शेवटचे दिवस कार्यालयात गोपनीय अहवालांचे असत. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामाबद्दल वरिष्ठानं शेरा लिहायचा. प्रत्यक्षात शेरे मी लिहायचो, साहेब सही करायचे. त्या वर्षी रेणुका सिस्टरांचा शेरा मी मन लावून लिहिला. अजून शब्दन्‌शब्द आठवतो: 'अत्युत्कृष्ट. यांच्यावाचून बालरुग्ण विभाग चालू शकत नाही.' लिहून झाल्यावर मला समाधान वाटलं. एका चांगल्या बाईचं चांगलं आपण कागदावर आणलं, असं.

साहेबांनी सही करता करता ते वाक्य वाचलं आणि पेन थांबवलं.

"भाऊसाहेब, ही गेली तर उन्हाळा कोण काढणार?"

मी हातातली फायलीची नाडी गुंडाळू लागलो.

"एप्रिल-मे तोंडावर आलाय. पोरं मेली तर पेपरवाले आपल्याला विचारणार, तिला नाही. बघा काहीतरी."

त्यांनी सही केली आणि पुढची फाईल ओढली. कार्यालयात 'बघा काहीतरी' हा हुकूम नसतो. हुकूम असता तर मी लेखी मागितला असता. या शब्दांत सांगणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात आणि ऐकणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं. कूलरची झुळूक येत होती. मी माझ्या खोलीत आलो, रेणुका सिस्टरांचा अर्ज टेबलाच्या डाव्या खणात ठेवला आणि लता सिस्टरांना बोलावून त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला.

त्या दचकल्या. "मला कसं? रेणुकाताईंचा नंबर आधी हाय की."

"वरून तसं आलंय," मी म्हणालो. "आणि याची चर्चा करू नका. कुणाशीच नाही. आदेश येण्याआधी बोभाटा झाला तर जागाच रद्द होते. मग ना तुम्हाला, ना त्यांना."

असा कुठलाही नियम नव्हता.

आदेश मेच्या सुरुवातीला आला. वॉर्ड गच्च भरलेला होता. रेणुका सिस्टर धापा टाकत माझ्याकडे आल्या, हात ओले, टॉवेल पिळून आलेल्या. "माझं नाव न्हाई?"

मी समोरच्या फायलीकडे बघत म्हणालो, "आपण पाठवलं होतं. वर काय झालं, कुणी कुणाला भेटून काय केलं, आम्हाला काय माहीत?"

एवढंच बोललो. 'कुणी कुणाला भेटून'. मी लता सिस्टरांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. ते वाक्य कुठे जाऊन रुतेल हे मला बोलता बोलताच कळत होतं, आणि मी ते थांबवलं नाही.

मग ड्युटीरूम. जेवणाची वेळ, सहा-सात सिस्टर, वॉर्डात काम करणाऱ्या दोन आया, पंखा कुरकुरतोय, डबे उघडलेले. मी दारात उभा होतो, लता सिस्टरांच्या कार्यमुक्तीच्या कागदावर सही हवी होती म्हणून. रेणुका सिस्टरांनी आपला डबा उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

"पाठीमागनं गेलीस व्हय गं? माझ्या ताटात जेवून? विचारलं असतंस तर माझ्या हातानं दिलं असतं की. धाकटी भण म्हणत हुते तुला."

लता सिस्टरांनी वर पाहिलं. रेणुका सिस्टरांकडे नाही, माझ्याकडे. मी सांगितलेला नियम त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. मी नुसती मान हलवली असती तरी त्या बोलल्या असत्या. मी हातातला कागद वाचू लागलो. त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. लता सिस्टर खाली बघत राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांनी आपापला लावला.

मारणाऱ्याचा हात तरी दिसतो. माझा हात कुणाला दिसला नाही. दोघींनाही वाटत राहिलं की भाऊसाहेब आपले आहेत. रेणुका सिस्टर त्यानंतरही मला भाकरी द्यायच्या. 

त्या उन्हाळ्यात वॉर्ड छान चालला. साहेबांचं म्हणणं खरं ठरलं, असं मी मनाशी कितीदा तरी घोकलं. पोरं वाचली, मग काय बिघडलं? पण रेणुका सिस्टर जून-जुलैत गेल्या असत्या. त्यांच्या हाताखालच्या पोरींना दोन महिने शिकवून जाता आलं असतं. हे मी साहेबांना सुचवू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. वॉर्ड एका बाईवर टांगलेला आहे हा आमचा दोष होता. तो आम्ही तिच्या अहवालात गुण म्हणून लिहिला आणि त्याच गुणानं तिला खाटेला बांधून ठेवलं.

पुढे त्या चिंचोक्यांची कीर्ती वरपर्यंत गेली. पाहणीला माणसं आली, फोटो निघाले, इस्पितळाला प्रशस्तिपत्र मिळालं. परिचारिका दिनालाच कार्यक्रम ठेवला होता. पत्रावर 'संकल्पना' म्हणून मोठ्या साहेबांचं नाव, 'कार्यालयीन सहकार्य' म्हणून माझं. मजकूर मीच टंकून घेतला होता. रेणुका सिस्टरांच्या हातात ओवाळणीचं तबक होतं. त्यांनी साहेबांना ओवाळलं, मग मला. कुंकवाचं बोट कपाळाला टेकताना हळूच म्हणाल्या, "चिंचोकं तेवढं परत करा भाऊसाहेब, फोटोसाठी नेलेलं. वॉर्डात कमी पडत्यात."

मी त्यानंतर कितीतरी कागदांवर सह्या केल्या. ते चिंचोके परत केले की नाही, आठवत नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा खण रिकामा केला. छत्री, एक काचेचा पेपरवेट आणि तो अर्ज. फाडून टाकायचं धैर्य झालं नाही, द्यायचंही झालं नाही. घरी तो वीजबिलांच्या फायलीत राहिला. रेणुका सिस्टर वॉर्डातूनच निवृत्त झाल्या. लता सिस्टर शिकून आल्या, दुसरीकडे शिकवू लागल्या. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बाजारात समोर आल्या तर रेणुका सिस्टर रस्ता बदलतात, असं कुणीतरी मला गमतीनं सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

आणि इतकी वर्षं लता सिस्टर वर्गावर्गातून पोरींना लिहायला लावत होत्या: पद्धत रेणुका सिस्टरची. जे नाव आम्ही पत्रावर घातलं नाही, ते जिला चोर ठरवलं गेलं तिनं जपलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर आठव्या दिवशी मी रेणुका सिस्टरांकडे गेलो. दुपारी गेलो. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झालेत, पाठ तशीच ताठ. "अय्या, भाऊसाहेब! ह्या उन्हाचं? टोपी न्हाई, छत्री न्हाई. बसा. आदी पाणी प्या." एक पेला दिला, संपेपर्यंत उभ्या राहिल्या, लगेच दुसरा भरला. "अजून एक. घोट घोट प्या. गडबड करू नका."

दुसरा पेला संपल्यावर मी खिशातून अर्ज काढला आणि सगळं सांगितलं. साहेबांचं वाक्य, खण, लता सिस्टरांना सांगितलेला खोटा नियम, 'कुणी कुणाला भेटून'. आणि काजलनं सांगितलेलं परीक्षेचंही.

त्यांनी चष्मा लावला. अर्ज वाचला. उलटून मागची कोरी बाजू पाहिली. पुन्हा वाचला.

"अक्षर बघा माझं," त्या म्हणाल्या. "किती जपून लिवलेलं."

तांब्या त्यांच्या हाताशी होता. पेला रिकामा होता.

"पोरी खरंच माझं नाव लिवत्यात?"

"नाही लिहिलं तर मार्क कापते ती."

त्यांनी अर्ज मांडीवर ठेवला. बाहेर कुठेतरी चिंचा फोडत होते, ते ऐकू येत होतं.

"तिच्या लग्नाला गेले न्हाई मी," त्या म्हणाल्या. "पत्रिका द्यायला आली हुती. दार उघडलं न्हाई. ह्येच दार."

मी म्हणालो, "माझं चुकलं सिस्टर. मला क्षमा..."

"थांबा." तो वॉर्डातला आवाज होता. "मी तिला सगळ्यांम्होरं बोलले. सात जणी हुत्या, दोन आया हुत्या. तुमीबी हुता दारात. आनि तुमी आता भर दुपारचं, गल्ली झोपलेली बघून, मला एकटीला सांगाया आलाय. ह्ये बरं हाय की तुमचं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"जनमभर लोकांचं शेरं लिवलं न्हवं? आता ह्ये लिवा. चार मानसं वाचतील असं. माझं नाव घाला, तिचं घाला. तुमचंबी घाला. संकल्पना कुणाची तेबी."

मी उठलो. चप्पल घालताना तोल गेला, भिंत धरली. त्यांनी लांबूनच पाहिलं.

"कुटं निघाला? बेचाळीस डिग्री हाय भाईर. नुकतंच ऊन लागलंय म्हनता. कट्ट्यावर सावली हाय, तितं बसा. पाच वाजल्याबिगर हलायचं न्हाई."

आणि त्यांनी दार लावलं.

मी त्या कट्ट्यावर दोन तास बसलो. आतून एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. चारच्या सुमारास दार हातभर उघडलं. पाण्याचा पेला बाहेर ठेवला गेला, शेजारी एक चिंचोका, आणि दार पुन्हा बंद झालं.  मी पाणी प्यालो आणि चिंचोका कट्ट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ठेवला. त्यांना आतून दिसत होतं की नाही, माहीत नाही. पाच वाजता निघालो.

ती माफी नव्हती. समोर आलेल्या तहानलेल्या माणसाला त्यांनी काम म्हणून पाणी पाजलं, तो माणूस कोण आहे हे कळल्यावरही पाजलं. इतकी वर्षं शेरे लिहूनही हे मला कधी लिहिता आलं नव्हतं.

तर शेरा असा. बालरुग्ण विभागातली चिंचोक्यांची पद्धत रेणुका सिस्टरांची. संकल्पना त्यांची, श्रम त्यांचे. पुढच्या शिक्षणाच्या जागेवर हक्क त्यांचा होता. लता सिस्टर कुणालाही भेटल्या नव्हत्या, कुणाच्याही पाठीमागून गेल्या नव्हत्या. त्यांना खोटा नियम सांगून गप्प बसवलं गेलं. अर्ज वर गेलाच नाही. तो तत्कालीन कार्यालय अधीक्षक मुरलीधर सावळे यांच्या टेबलाच्या डाव्या खणात होता. तो मी ठेवला.

हा शेरा गोपनीय नाही.